ठासणीच्या बंदुकीचा नेम

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील उळवी हे गाव चन्नबसवेश्वरांच्या समाधीमुळे सर्वत्र परिचित आहे. माघ महिन्यात भरणाऱ्या येथील यात्रेस बेळगाव-धारवाडकडील भाविक आजही बैलगाड्या जोडून येतात. यात्रा उलगडली की गाव पुन्हा आपल्या शेतीकडे आणि सभोवारच्या अरण्याकडे वळते. भाताची खाचरे, सुपारीच्या बागा, कंदमुळांचे वाफे आणि त्यांना चारही बाजूंनी वेढणारे घनदाट रान अशी या मुलखाची रचना आहे. रानडुक्कर, गवा आणि वानर यांच्यापासून पिकाची राखण करणे हे येथील शेतकऱ्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम होय. मचाण, मशाल, डबा, आरोळी आणि काही घरी परवान्याची ठासणीची बंदूक, ही या राखणीची जुनी साधने आहेत.

ठासणीच्या बंदुकीविषयी लोकांत दोन परस्परविरोधी समज आढळतात. ‘जुनी बंदूक, तिला कसला नेम?’ असे एक म्हणतो. ‘आजोबांच्या बंदुकीची गोळी कधी चुकत नसे’ असे दुसरा सांगतो. दोघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य आहे, कारण ठासणीच्या बंदुका एकाच जातीच्या नव्हत्या. काहींची नळी आतून गुळगुळीत असे, तर काहींच्या नळीत आटे पाडलेले असत. बाहेरून जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या या दोन बंदुकांतील अंतर शास्त्राच्या, इतिहासाच्या आणि कायद्याच्याही दृष्टीने फार मोठे आहे. ते समजून घेणे शेतकरी, शिक्षक आणि कर्मचारी या सर्वांनाच उपयुक्त ठरेल.

साधी नळी आणि आट्यांची नळी

ठासणीची बंदूक म्हणजे जिची दारू आणि गोळी नळीच्या तोंडाकडून आत घालून गजाने ठासावी लागते, ती बंदूक. तोड्याची बंदूक, चकमकीची बंदूक आणि टोपीची बंदूक हे तिचे क्रमाने सुधारत गेलेले प्रकार आहेत. या तिन्हींत फरक आहे तो दारू पेटविण्याच्या रीतीचा. नेमाचा प्रश्न मात्र मुख्यतः नळीच्या अंतर्भागाशी निगडित आहे.

गुळगुळीत नळीत गोळी सहज उतरावी म्हणून ती नळीपेक्षा बरीच बारीक ठेवावी लागे. अठराव्या शतकातील इंग्रजी पायदळाच्या बंदुकीची नळी सुमारे पाऊण इंच व्यासाची असे आणि गोळी ०.६९ इंचाच्या आसपास असे. म्हणजे दोहोंत सुमारे दीड मिलिमीटर फट राही. दारू पेटली की गोळी या फटीमुळे नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे. शेवटची धडक जिकडे बसेल त्याप्रमाणे तिला कोणतीतरी गिरकी मिळे आणि त्या गिरकीनुसार ती हवेत डावीउजवीकडे वा खालीवर वळे. नेम धरणारा कितीही निष्णात असला तरी ही गिरकी त्याच्या हाती नसे. त्यामुळे शंभर यार्डांपलीकडील एका माणसावर अशा बंदुकीने नेम धरणे हे बव्हंशी दैवावर सोपविण्यासारखे होते. फौजा रांगेने उभ्या राहून एकदम बार काढीत, त्याचे एक कारण हेच होय.

गोळीच्या या भरकटण्याचा शास्त्रीय उलगडा इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स याने केला. तोफा-बंदुकांच्या शास्त्रावरील त्याचा ग्रंथ १७४२ मध्ये प्रसिद्ध झाला. आटे पाडलेल्या नळीचे मर्म जे राष्ट्र प्रथम जाणील त्याला इतरांवर मोठे वर्चस्व मिळेल, असे भाकीतही त्याने केले होते. विशेष म्हणजे हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांच्या कामासाठी हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये मद्रास किनाऱ्यावरील फोर्ट सेंट डेव्हिड येथे मृत्यू पावला.

आट्यांचे कार्य समजण्यासाठी भोवऱ्याचे उदाहरण पुरेसे आहे. न फिरणारा भोवरा आरेवर उभा राहत नाही. जाळी गुंडाळून वेगाने फिरविला की तो आपला आस सोडत नाही. नळीच्या आत नागमोडी न जाता स्क्रूच्या आट्याप्रमाणे वळत जाणाऱ्या खाचा पाडल्या की त्यांत अडकलेली गोळी फिरतच बाहेर पडते आणि भोवऱ्याप्रमाणे आपला आस राखते. तिची गिरकी आता यादृच्छिक नसते. प्रत्येक गोळीस तीच गिरकी मिळते. आट्यांची ही युक्ती युरोपातील कारागिरांना सुमारे पाचशे वर्षांपूर्वीपासून ठाऊक होती. अडचण होती ती भरण्याची. गोळीने आटे धरावेत म्हणून ती घट्ट बसणारी हवी, आणि घट्ट गोळी तोंडाकडून गजाने, प्रसंगी हातोडीने ठोकून बसवावी लागे. शिकाऱ्याला एवढी सवड असे. रणांगणावरील शिपायाला नसे.

मिनियेची गोळी

हा पेच सुटला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. १८४९ च्या सुमारास क्लोद-एत्येन मिनिये या फ्रेंच सेनाधिकाऱ्याने लांबट, टोकदार आणि बुडाशी पोकळ अशी शिशाची गोळी प्रचारात आणली. ती नळीपेक्षा किंचित बारीक असल्यामुळे सहज आत उतरे. दारू पेटल्यावर मात्र वायूचा दाब बुडाच्या पोकळीत शिरून मऊ शिसे फुगवी आणि फुगलेली गोळी आट्यांत घट्ट बसे. भरताना सैल आणि सुटताना घट्ट, अशी ही दुहेरी सोय होती.

याच तत्त्वावर इंग्रजांनी १८५३ चा एन्फील्ड नमुना सिद्ध केला. या बंदुकीची नळी ३९ इंच लांब आणि ०.५७७ इंच व्यासाची होती. आत तीन आटे होते आणि ते ७८ इंचांत एक पूर्ण फेरा घेत. गोळी ५३० ग्रेन, म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम वजनाची असे, तर दारू ६८ ग्रेन, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम लागे. गोळीचा आरंभीचा वेग सेकंदास ९०० फूट धरला, तर साडेसहा फुटांत एक फेरा या हिशेबाने ती सेकंदास सुमारे १३८ गिरक्या घेत निघे. साध्या नळीच्या बंदुकीचा भरवसा जेथे संपे, त्याच्या तिपटी-चौपटीने लांब असलेल्या लक्ष्याचा वेध हिच्याने घेता येऊ लागला.

भरण्याची रीत आणि तिची कारणे

तथापि आटे असले म्हणजे नेम आपोआप साधतो, असे मुळीच नाही. आट्यांच्या बंदुकीत नेमाची निम्मी तयारी भरतानाच होत असते. त्या काळच्या कवायतीत भरण्याची एकेक हालचाल ठरवून दिलेली असे. त्या प्रत्येक हालचालीमागे कारण होते.

पहिली गोष्ट दारूच्या मापाची. सोरा, गंधक व कोळसा यांची दाणेदार काळी दारू प्रत्येक वेळी तंतोतंत तेवढीच पडली पाहिजे. माप कमीअधिक झाले की वेग बदलतो आणि वेग बदलला की गोळी लक्ष्याच्या वर वा खाली जाते. म्हणून शिपायास दारू मोजून भरलेले कागदी काडतूस दिले जाई. डाव्या हातात बंदूक आणि उजव्या हातात काडतूस असल्यामुळे कागदाचे टोक दातांनी तोडण्याची रीत पडली होती. दारू नळीत ओतल्यावर काडतूस उलटे करून त्यातील गोळी आपल्या कागदासह नळीच्या तोंडात बसविली जाई आणि उरलेला कागद तोडून टाकला जाई.

दुसरी गोष्ट वंगणाची. काळी दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेषांच्या रूपाने मागे उरतो. चार-सहा बारांनंतर ही काजळी आट्यांत कडक होऊन बसते आणि पुढची गोळी अडते. गोळीभोवतीच्या कागदाला चरबी वा मेण लावलेले असले की काजळी मऊ राहते आणि प्रत्येक नवी गोळी उतरताना ती थोडी पुसूनही नेते. वंगण ही चैनीची नव्हे, या बंदुकीच्या रचनेतूनच उत्पन्न झालेली गरज होती. पुढे याच वंगणावरून केवढा इतिहास घडला, ते खाली येईलच.

तिसरी गोष्ट ठासण्याची. गोळी गजाने थेट दारूवर टेकेपर्यंत, प्रत्येक वेळी सारख्याच जोराने खाली सारावी लागते. ती मध्येच अडून दारू व गोळी यांत पोकळी राहिली, तर नेम बिघडतोच. शिवाय नळी फुगण्याचा वा फुटण्याचा धोका असतो. उलट, गोळीवर गज आपटत राहिल्यास मऊ शिशाचा आकार बिघडतो आणि बिघडलेली गोळी सरळ जात नाही. हे सर्व झाल्यावरच नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ खुंटीवर तांब्याची टोपी बसवावयाची. टोपी आधी आणि गोळी नंतर, असा उलटा क्रम म्हणजे अपघातास आमंत्रण होय.

गडबडीत हा क्रम कसा बिघडतो, याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेच्या यादवी युद्धातील आहे. जुलै १८६३ मधील गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणभूमीवरून सुमारे २७ हजार बंदुका गोळा करण्यात आल्या. त्यांपैकी सुमारे २४ हजार भरलेल्याच होत्या आणि निम्म्याहून अधिक बंदुकांत एकावर एक असे दोन वा त्याहून जास्त बार ठासलेले आढळले, अशी नोंद आहे. टोपी फुटली नाही किंवा बसवायची राहिली हे गोंधळात ध्यानी न आल्यामुळे शिपाई पुन्हा भरत राहिले असावेत. असा दुहेरी बार उडाला तर तो भरणाऱ्याच्याच जिवावर बेततो.

अंतराचा अंदाज

भरलेल्या बंदुकीचा नेम धरताना पुढची माशी, मागची खाच आणि लक्ष्य एका रेषेत आणावयाचे, दस्ता खांद्याशी घट्ट धरावयाचा, श्वास क्षणभर रोखावयाचा आणि चाप झटका न देता सावकाश दाबावयाचा, हे नियम सर्वच बंदुकांस लागू आहेत. आट्यांच्या ठासणीच्या बंदुकीत मात्र आणखी एक गोष्ट निर्णायक ठरे. ती म्हणजे अंतराचा अचूक अंदाज.

गोळी सुटताच पृथ्वी तिला खाली ओढू लागते. आधाराशिवाय सोडलेली कोणतीही वस्तू अर्ध्या सेकंदात सुमारे ४ फूट आणि एका सेकंदात सुमारे १६ फूट खाली येते. हा नियम गोळीसही चुकत नाही. आधुनिक रायफलीची वेगवान गोळी तीनशे यार्डांचे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत तोडते. एन्फील्डच्या जड व संथ गोळीस त्याच अंतरासाठी एक सेकंदाहून अधिक काळ लागे. म्हणून नळी बरीच वर उचलून गोळीला कमानीसारख्या मार्गाने फेकावे लागे. यासाठी मागच्या बाजूस शिडीसारखी उभी राहणारी, यार्डांच्या खुणा असलेली पट्टी बसविलेली होती. लक्ष्य तीनशे यार्डांवर असता चारशेची खूण धरली, तर गोळी डोक्यावरून निघून जाई. इंग्लंडात हाइथ येथे १८५३ मध्ये स्थापन झालेल्या बंदूकशाळेत शिपायांना बार काढण्याइतकेच अंतर ओळखण्याचेही शिक्षण दिले जाई, त्याचे कारण हेच.

यावरून एक निष्कर्ष निघतो. या बंदुकीची अचूकता कोण्या एका भागात वसत नाही. दारूचे तेच माप, गोळीचे तेच वजन, तेच वंगण, ठासण्याचा तोच दाब, स्वच्छ नळी आणि अंतराचा योग्य अंदाज यांच्या सातत्यातून ती निर्माण होते. यांपैकी एक कडी तुटली की आटे असूनही नेम जातो. काही देशांत आजही जुन्या धाटणीच्या बंदुकांच्या नेमबाजी स्पर्धा होतात. तेथील निष्णात नेमबाज दारू तोलून घेतो, गोळ्या वजन करून निवडतो आणि नळी वारंवार पुसतो, तो याच सातत्यासाठी.

१८५७ आणि पुसलेले आटे

हीच बंदूक हिंदुस्थानात आली, तेव्हा तिच्या शिक्षणासाठी डमडम, अंबाला व सियालकोट येथे केंद्रे उघडण्यात आली. वंगण लावलेले काडतूस दातांनी तोडावे लागणार, हे कळताच शिपायांत अस्वस्थता पसरली. गाय व डुक्कर यांच्या चरबीची शंका हिंदू व मुसलमान दोघांच्याही धर्मभावनेस भिडली. जानेवारी १८५७ पासून डमडम येथे ही चर्चा सुरू झाली. पुढे काडतूस हाताने तोडण्याची मुभा देण्यात आली, परंतु तोवर विश्वास उडाला होता. १० मे रोजी मेरठ येथे उठावाचा भडका उडाला आणि ३१ जुलै रोजी कोल्हापूरच्या २७ व्या पलटणीपर्यंत त्याची झळ पोहोचली. उठावाची कारणे अनेक होती. तथापि ठिणगी पडली ती बंदूक भरण्याच्या एका साध्या कृतीवर, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्याच वर्षी शस्त्रे सरकारजमा करण्याचा कायदा आला. नोव्हेंबर १८५७ मध्ये मुधोळ संस्थानातील हलगली गावच्या बेरडांनी त्याला सशस्त्र विरोध केला. इंग्रज फौजेने गाव जाळून तो मोडून काढला. १८५८-५९ मध्ये सुप्याच्या डोंगराळ रानात, म्हणजे आजच्या जोयडा तालुक्याच्या परिसरात, सावंतवाडीकडील बंडखोर आणि सिद्दी लोक यांनी सरकारी फौजांना झुंजविले. जेथे पन्नास पावलांपलीकडे दिसत नाही अशा अरण्यात नऊशे यार्डांची पट्टी कोणाच्या विशेष उपयोगी पडणारी नव्हती. रानाची माहिती हेच तेथे मोठे शस्त्र होते.

उठाव शमल्यावर इंग्रज सरकारने एक निर्णय घेतला. हिंदी शिपायांसाठी १८५८ च्या नमुन्याची नवी बंदूक काढण्यात आली. दिसण्यात ती एन्फील्डच. पण नळी ०.६५६ इंचापर्यंत रुंद व आतून गुळगुळीत केलेली आणि मागची उंचावणारी पट्टी काढून तिच्या जागी स्थिर खाच बसविलेली. गोऱ्या शिपायाच्या हातात आटे राहिले. हिंदी शिपायाच्या हातातून ते काढून घेतले गेले. शस्त्र तर दिले, पण नेम दिला नाही! राज्यकर्त्यांच्या अविश्वासाचा याहून बोलका पुरावा क्वचितच सापडेल. वस्तुसंग्रहालयात विद्यार्थ्यांना जुन्या बंदुका दाखविताना शिक्षकांनी नळीच्या तोंडाकडे त्यांचे लक्ष अवश्य वेधावे. आटे आहेत की नाहीत, एवढ्या एका गोष्टीतून इतिहासाचा एक संपूर्ण पाठ शिकविता येतो.

आजचा कायदा आणि उळवीचा शेतकरी

स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये संमत झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याच्या १३ व्या कलमात पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. ती अपुरी ठरते अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटल्यास साध्या नळीच्या अन्य बंदुकीचा परवाना देता येतो. येथे कायद्याची भाषा साध्या नळीची आहे. आट्यांची बंदूक या सवलतीत बसते असे गृहीत धरू नये.

उळवीचा परिसर काळी व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्याने वेढलेला आहे. दांडेली अभयारण्य व अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ मध्ये हा व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्यास काळी नदीचे नाव देण्यात आले. अशा ठिकाणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याची तीन बंधने प्रत्येक परवानाधारकाने जाणून घेतली पाहिजेत. अभयारण्यात लेखी परवानगीवाचून कोणतेही शस्त्र घेऊन प्रवेश करता येत नाही. अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपले नाव वन्यजीव विभागाकडे नोंदविणे आवश्यक असते. आणि या टापूत नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय मिळत नाही. पीक राखण्याचा परवाना हा प्राणी मारण्याचा परवाना नव्हे, हे तर सर्वांत महत्त्वाचे. राखणीची बंदूक मुख्यतः आवाजासाठी आहे. पिकाची हानी झाली असेल तर वनखात्याकडे वेळीच तक्रार नोंदवून भरपाई मागणे हाच योग्य मार्ग होय.

शेतकऱ्याची बाजूही कर्मचाऱ्यांनी समजून घ्यावयास हवी. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. तो काळ पीक तयार होण्याचा असेल, तर राखणीचा प्रश्न बिकट होतो. अशा वेळी जमा केलेल्या शस्त्राची पावती तत्परतेने देणे आणि मुदत संपताच ते परत करणे, एवढ्याने गावाचा पुष्कळसा त्रास वाचू शकतो.

घरात जुनी बंदूक असेल तर

कित्येक घरांत वाडवडिलांची बंदूक भिंतीवर वा माळ्यावर पडून असते. ‘जुनी आहे, तिला परवाना कशाला?’ असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. कायद्याने सूट दिली आहे ती फक्त अशा जुन्या वा मोडक्या शस्त्राला, जे दुरुस्तीनंतरही बार काढू शकणार नाही. जी दुरुस्त होऊ शकते, ती बंदूक कायद्याच्या कक्षेतच येते. अशी बंदूक आढळल्यास जवळच्या पोलीस ठाण्यास कळविणे श्रेयस्कर.

तिला स्वतः हात लावण्याचा मोह मात्र टाळावा. ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून दिसत नाही. कोरडी राहिलेली काळी दारू वर्षानुवर्षे आपली शक्ती गमावीत नाही. जाणता कारागीर गज नळीत सोडून तो किती आत जातो ते नळीच्या बाहेरील लांबीशी ताडून पाहतो आणि मगच पुढे जातो. ही परीक्षा परवानाधारक कारागिराकडून वा पोलिसांच्या शस्त्रकारागिराकडूनच करून घ्यावी. येथील मुसळधार पावसाच्या दमट हवेत काजळीतील क्षार पाणी शोषून नळी आतून पोखरतात. वरून चकचकीत दिसणारी नळी आतून गंजलेली असू शकते आणि पहिल्याच बाराला फुटू शकते. हल्लीच्या काडतुसातील धूररहित दारू अशा बंदुकीत कधीही घालू नये. तिचा दाब या नळीच्या सहनशक्तीबाहेरचा असतो.

परवान्याची बंदूक वापरणाऱ्यानेही दारू, गोळी, गज आणि टोपी यांचा क्रम कधी मोडू नये, बारानंतर नळी पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून तेल द्यावे आणि भरलेली बंदूक घरात टांगून ठेवू नये. ज्या बंदुकीला नेमासाठी एवढी शिस्त लागते, तिला निगेसाठी आणि कायद्यासाठीही तेवढीच शिस्त लागते. उळवीच्या रानाकाठी पीकही राखावयाचे आहे आणि रानही राखावयाचे आहे. ही दोन्ही कामे ज्याला एकाच वेळी साधली, त्याचाच नेम खरा म्हणावयाचा.